हुशार पोराचा अर्ज कुठं करायचा?

दिवाळी होऊन शाळा भरली की कुणीतरी पालक दारात गाडी लावतात आणि म्हणतात, "बाई, आमचं बारकं लई हुशार हाय ओ. नवोदयला घालायचं म्हणतोय." पोरगं खरंच हुशार असतं. पण नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या अर्जाची मुदत पावसाळ्यातच संपलेली असते आणि परीक्षा तोंडावर आलेली असते. पालक म्हणतात, "मग शाळेनं का नाही सांगितलं?" कधीकधी शाळेनं सांगितलेलंही असतं, पण ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, लसीकरणाच्या आणि गणवेशाच्या निरोपांच्या मधे कुठंतरी.

पहिल्यांदा एक गोष्ट पक्की करून घ्या. आपल्याकडच्या साध्या शाळेत हुशार मुलांसाठी वेगळा वर्ग, वेगळा अभ्यासक्रम, त्यासाठी निवड असं काही नसतं. जिल्हा परिषदेची शाळा असो की शहरातली अनुदानित, पहिली ते आठवीत प्रवेशासाठी मुलाची चाळणी करायलाच शिक्षण हक्क कायदा, २००९ मनाई करतो. त्यातून काही सरकारी शाळांना सूट आहे. नवोदय आणि सैनिक शाळा त्यातल्याच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांना शिक्षकांनी जादा खाद्य द्यावं, शाळांत विषयवार मंडळं काढावीत असं लिहिलंय. चांगलंच आहे. पण दोन शिक्षक आणि चार इयत्ता असलेल्या माण तालुक्यातल्या वस्तीशाळेत ते मंडळ कोण चालवणार, हे धोरणात लिहिलेलं नाही.

म्हणजे हुशार मूल शोधत आपल्या दारी कुणी येत नाही. बाहेर काही परीक्षा आहेत, त्यांचे अर्ज आपण भरायचे असतात. प्रत्येक अर्जाला वय, इयत्ता, जिल्हा, उत्पन्न अशी अट असते. माझं म्हणणं एवढंच की मुलाच्या हातात सराव पेपर देण्याआधी पालकांनी या अटी वाचाव्यात. बरीच मुलं परीक्षेत मागं पडतात असं नाही, ती परीक्षेपर्यंत पोचतच नाहीत.

नवोदय

सगळ्यात जास्त विचारणा याचीच, म्हणून हे सविस्तर. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून ही शाळा आली. खेड्यातल्या हुशार मुलांना फुकट, निवासी आणि चांगलं शिक्षण मिळावं हा हेतू. साताऱ्याचं जवाहर नवोदय विद्यालय खावलीला आहे, सांगलीचं पलूसला. सहावीला प्रवेश मिळतो, त्यासाठी परीक्षा पाचवीत असताना द्यायची. एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना आणि एकूण किमान एक तृतीयांश मुलींना.

आता या 'ग्रामीण' शब्दाशी नीट थांबा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. मुलानं तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण केलेली पाहिजेत. या तीन वर्षांत एक दिवस जरी ते शहरी भागातल्या शाळेच्या पटावर असेल, तरी ते शहरी उमेदवार धरलं जातं. आणि शहरी म्हणजे फक्त सातारा, कराड, सांगली नव्हे. नगरपालिका किंवा नगरपंचायत आहे ते गाव शहरी. दहिवडी, वडूज, मेढा, कोरेगाव ही गावं आपल्याला खेडीच वाटतात, पण तिथं नगरपंचायती आहेत. आता बघा काय होतं. गावातलं पोरगं हुशार निघालं, की "नवोदयची तयारी करून घेऊ" म्हणून पालक त्याला चौथीत शहरातल्या अकॅडमीत नेऊन टाकतात. तिथं राहायचं, तिथल्याच शाळेत नाव घालायचं. हजारो रुपये भरून त्यांनी पोराला साठ जागांच्या रांगेतून उचलून वीस जागांच्या रांगेत नेऊन उभं केलेलं असतं. अकॅडमीवाले हे सांगतीलच असं नाही.

दुसरी अट जिल्ह्याची. मूल ज्या जिल्ह्यात पाचवीत शिकतं आणि राहतं, त्याच जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज. घर वाळव्यात आणि शाळा कराडात असं असेल तर आधी मुख्याध्यापकांशी बोला, कारण ही जिल्ह्याची सीमा आहे, कितीही जवळ असली तरी. तिसरी, परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पुन्हा पाचवीत बसवून दुसऱ्यांदा द्यायची युक्ती चालत नाही. जन्मतारखेची मर्यादा त्या वर्षाच्या माहितीपत्रकात दिलेली असते, ती दाखल्याशी ताडून बघा. हा अर्ज पालकांनीच ऑनलाइन भरायचा असतो, सोबत मुख्याध्यापकांच्या सहीचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेले की ती सही चार दिवस अडते, म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका.

पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. त्यात मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणित २० प्रश्न २५ गुणांना, भाषा २० प्रश्न २५ गुणांना. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळं एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. मराठीतून देता येतो. सहावी ते आठवी शिक्षणाला पैसे नाहीत. नववीपासून महिना ६०० रुपये विकासनिधी आहे, तोही मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना माफ. सरकारी नोकरांच्या मुलांना तो जास्त आहे. नववीत साधारण ३० टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात. हे आजीला आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर निवड होऊनही घरात रडारड होते.

सैनिक स्कूल

साताऱ्याचं सैनिक स्कूल २३ जून १९६१ ला सुरू झालं, देशातलं पहिलं. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असावाच. पण ती हुशार मुलांची शाळा म्हणून काढलेली नाही. एनडीएत, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जाणारी मुलं घडवावीत म्हणून काढली आहे. लेखी परीक्षेनंतर वैद्यकीय तपासणी होते, तिथं चांगली चांगली मुलं गळतात. सहावीसाठी मुलाचं वय प्रवेशाच्या वर्षी ३१ मार्चला १० ते १२ च्या दरम्यान हवं. पेपर ३०० गुणांचा, अडीच तासांचा, आणि त्यातले १५० गुण एकट्या गणिताचे. म्हणजे मूल भाषेत चमकत असेल आणि गणिताला कंटाळत असेल, तर ही परीक्षा त्याच्यासाठी नाही. सहावीचा पेपर मराठीतून देता येतो, नववीच्या प्रवेशाचा फक्त इंग्रजीतून. ६७ टक्के जागा आपल्या राज्यातल्या मुलांना. मुलींनाही आता प्रवेश आहे. फी मात्र नवोदयसारखी नाही, चांगलीच घसघशीत आहे, त्यामुळं शिष्यवृत्तीचे उत्पन्नाचे निकष अर्ज भरण्याआधी बघून ठेवा.

दाखल्यांचं एक सांगते. नवोदय आणि सैनिक स्कूल दोन्ही केंद्राच्या परीक्षा. ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला आणि केंद्राच्या यादीप्रमाणं लागतो. राज्यातल्या कामाला चालणारा दाखला तिथं चालेलच असं नाही. सेतू केंद्रात त्यासाठी वेळ जातो.

स्कॉलरशिप आणि एनएमएमएस

या दोन परीक्षांनी मूल घरातून कुठं जात नाही. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा आपल्या आजोबांच्याही ओळखीची. ती आधी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये सरकारनं ती परत चौथी-सातवीला आणायचं ठरवलं. थोरल्याच्या वेळचा हिशोब धाकटीला लावू नका. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. पात्र ठरायला दोन्ही पेपरांत ४० टक्के लागतात, पण पात्र होणं वेगळं आणि शिष्यवृत्तीधारक होणं वेगळं. पैसे फक्त गुणवत्ता यादीतल्यांना. खालच्या स्तराला वर्षाला ५,००० रुपये, वरच्याला ७,५००.

एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घरातल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, आठवीला, आणि इथं उत्पन्न बघतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत, आणि सातवीला ५५ टक्के गुण, अनुसूचित जाती-जमातीला ५०. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ शिष्यवृत्त्या आहेत. विनाअनुदानित शाळा, नवोदय, निवासी सरकारी शाळा इथली मुलं यात बसत नाहीत. त्यामुळं मूल इंग्लिश मीडियमच्या खासगी शाळेत हलवताना चार वर्षांचे ४८,००० रुपयेही सोडतोय, हे हिशोबात धरा. परीक्षेत पात्र होऊनही यादीत नाव आलं नाही, तर मराठा आणि कुणबी मुलांना राज्य सरकारच्या सारथी संस्थेकडून वर्षाला ९,६०० रुपये मिळू शकतात. त्यासाठी निकालानंतर वेगळा अर्ज लागतो, आणि तो करायचाच राहून गेलेली मुलं दरवर्षी सापडतात.

या दोन्ही परीक्षांचे अर्ज पालक भरू शकत नाहीत, ते शाळेच्या लॉगिनमधून जातात. म्हणून इथं शाळेला विचारत राहणं हेच पालकांचं काम.

ही परीक्षा नेमकं काय मोजते?

नवोदयच्या मानसिक क्षमता चाचणीत सगळी चित्रंच असतात. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती, आणि एक प्रकार कागदाच्या घडीचा. चौकोनी कागदाची अर्ध्यात घडी, मग आडवी पुन्हा अर्ध्यात घडी, त्याला भोक पाडलं. कागद उलगडल्यावर कसा दिसेल? पहिल्यांदा बघणारं मूल गोंधळतं. त्याला वहीचं पान फाडून द्या, घडी घालू द्या, कर्कटकानं भोक पाडू द्या. उलगडलं की चार भोकं. आठवडाभर असं केलं की कागद न घेताही त्याला उत्तर येतं. याचा अर्थ हे शिकवता येतं. ज्या घरात सराव पुस्तक आलं ते मूल पुढं, ज्या घरात नाही ते मागं, आणि यात जन्मजात बुद्धीचा संबंध थोडाच.

पण याच घडीत एखादं मूल वेगळं दिसतं. चार भोकं आली की बाकीचे पुढच्या प्रश्नाकडं जातात. ते विचारतं, "बाई, भोक मधे न पाडता घडीवरच पाडलं तर?" आणि पाडून बघतं. दोनच भोकं. मग दोन्ही घड्या जिथं मिळतात तो कोपरा कातरतं. बरोब्बर मधे एकच. "चार, दोन, एक," म्हणतं आणि तिसरी घडी घालायला घेतं. या प्रश्नाला पेपरात एकही गुण नाही. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये मांडलं होतं की प्रतिभा म्हणजे तीन गोष्टींचा मेळ: सरासरीपेक्षा बरी क्षमता, कल्पकता आणि हाती घेतलेलं काम न सोडण्याची चिकाटी. आपल्या परीक्षा यातल्या पहिल्या गोष्टीचा काही भाग मोजतात. दुसरी जवळपास नाहीच. तिसरी मोजतात, पण ती बहुतेक वेळा आईची चिकाटी असते.

हल्ली काही पालक बुद्ध्यांक काढून आणतात. मानसतज्ज्ञाकडून नीट केलेली चाचणी असेल तर ती उपयोगाची आहे. बिने यांची चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, ती बिने-कामत चाचणी आजही वापरतात. अशा चाचण्यांत सरासरी १०० धरतात आणि १३० च्या वर साधारण शंभरात दोन मुलं असतात. पण १२६ आणि १३१ या आकड्यांत फरक मानू नका, त्याच मुलाची महिन्याभरानं चाचणी घेतली तरी चारपाच गुण इकडं तिकडं होतात. आणि हा अहवाल नवोदय, सैनिक स्कूल, स्कॉलरशिप यातलं कुणीही मागत नाही. मूल वर्गात बुद्धीनं पुढं आणि लिहिण्या-वाचण्यात विचित्र मागं असेल, तर मात्र चाचणी जरूर करा. अध्ययन अक्षमता आणि तल्लख बुद्धी एकाच मुलात असू शकतात, आणि मग दोन्ही एकमेकांना झाकतात. फोनवरून फुकट घेतलेली आयक्यू टेस्ट आणि बोटांचे ठसे घेऊन बुद्धी सांगणारे यांच्या नादी लागू नका, बोटांच्या ठशात बुद्धी नसते.

कोण राहून जातं

आम्ही शिक्षक नावं सुचवतो तेव्हा अक्षर छान असलेली, हात वर करणारी मुलं आधी आठवतात. हे आमचं खरं आहे. गप्प बसणारी, उत्तर बरोबर पण रीत भलतीच लिहिणारी, गृहपाठाला कंटाळणारी मुलं यादीत येत नाहीत. वर्गातली वयानं लहान मुलंही राहतात. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हा नियम, म्हणजे एकाच वर्गात जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल अकरा महिन्यांच्या अंतरानं बसतं. दहा वर्षांच्या पोराला अकरा महिने पुष्कळ असतात. बुद्ध्यांक काढताना वय धरतात, स्कॉलरशिपच्या गुणांत धरत नाहीत.

जतच्या पूर्व भागात घरी कन्नड बोलणारं मूल मराठी शाळेत असेल, तर भाषेच्या उताऱ्यावर ते अडखळतं आणि सगळेच त्याला मंद समजतात. ऊसतोडीला बीडकडून आलेल्या कुटुंबाचं मूल दिवाळीनंतर इथल्या कारखान्याच्या तळावर असतं. पाचवीत ते कुठल्या जिल्ह्याच्या पटावर आहे यावर त्याची नवोदयची परीक्षा ठरते, आणि परीक्षा ऐन गाळपाच्या हंगामात. अशा मुलाचं नाव सुचवायला त्याचे आईवडील शाळेत येत नाहीत, ते फडात असतात. हे काम शिक्षकाचंच. आणि मुलींचं तर काय सांगू. "हॉस्टेलला नको बाई" हे वाक्य मी मुलांच्या बाबतीत क्वचित ऐकते.

शिक्षकांशी बोलायचं कसं

"आमचं पोरगं हुशार आहे" याला आम्ही हो म्हणतो आणि विसरतो, कारण हे सगळेच सांगतात. त्याऐवजी काय केलं ते दाखवा. त्यानं मोटारीच्या वीजबिलावरून तासाचा खर्च काढला असेल तर तो कागद आणा. तिनं बेदाण्याच्या शेडवर वजनाचा हिशोब तोंडी केला असेल तर कसा केला ते सांगा. मग नेमकं विचारा: "बाई, या वर्षी ही कुठल्या परीक्षेला बसू शकते? अर्ज कोण भरणार, तुम्ही की आम्ही? आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळतं का?" शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. आडनावातल्या एका वेलांटीनं अर्ज अडकतात.

जादा तास बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत शिक्षक फुकट घेतात, आधी तिथं पाठवा. घरी एवढंच करा की उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढून बॉलपेननं वर्तुळं भरायची सवय लावा. दहा वर्षांचं मूल सतरावा प्रश्न सोडतं आणि अठराव्याचं उत्तर सतराच्या वर्तुळात भरतं, मग खालचं सगळंच सरकतं. खोडायला येत नाही.

आणि या परीक्षा म्हणजेच सगळं नव्हे. ज्याला प्रयोगात रस आहे त्यानं सहावी किंवा नववीत होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा द्यावी, तिथं लेखीनंतर प्रात्यक्षिक आणि प्रकल्पही असतो. गणितातल्या मुलाला पुढं ऑलिंपियाड आहे, खरं ऑलिंपियाड, शाळेत फी गोळा करून सगळ्यांना मेडल वाटणारं नव्हे. पुण्याला जायची तयारी असेल तर ज्ञान प्रबोधिनीची प्रशाला १९६९ पासून बुद्धिमान मुलांसाठीच चालते, पाचवीला स्वतःच्या चाचण्या घेऊन प्रवेश देते. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर थांबली आहे, तिच्या नावानं कुणी क्लासची फी मागितली तर सरळ नाही म्हणा.

नवोदयची निवड यादी लागल्यावर नाव नसेल तरी लगेच विषय बंद करू नका. काही मुलं येत नाहीत, काहींची कागदपत्रं बसत नाहीत, आणि त्या जागा प्रतीक्षा यादीतून भरतात. निरोप अर्जातल्या मोबाईलवर येतो. तो नंबर प्रवेश संपेपर्यंत बदलू नका, आणि सायबर कॅफेवाल्यानं स्वतःचा नंबर टाकलाय का ते अर्ज भरतानाच बघून घ्या.